हललेल्या साच्याचा रुपया

आई, आज सकाळी डब्यातला तो रुपया पुन्हा बाहेर काढला. आता माझ्याकडे चांगलं भिंग आहे, चाळिशीही लागली आहे, आणि तुला नुसत्या डोळ्यांनी दिसलं होतं ते मलाही दिसतं. म्हणून लिहायला बसले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी सातवीत होते. मरोळच्या कारखान्यात तू पितळी बिल्ले ठोकायच्या प्रेसवर बसायचीस. डाव्या तर्जनीचं टोक त्या प्रेसनं आधीच नेलं होतं. तू तांदूळ धुवायचीस तेव्हा ते आखूड बोट पाण्यात वेगळंच हलायचं आणि मी दुसरीकडे बघायचे. उरलेली नऊही अशीच जातील, ही भीती माझ्या मनातून हटायची नाही. अशात वाण्याच्या सुट्ट्यात मला हा रुपया मिळाला. सालाचे आकडे दोनदोन! आमच्या चित्रकलेच्या सरांना जुन्या नाण्यांचा नाद होता. साचाच चुकून दोनदा कोरला गेला, तर त्यातून निघालेल्या नाण्यासाठी शौकीन वेडे होतात, वाटेल ती किंमत देतात, असं त्यांनी वर्गात सांगितलं होतं. झालं, माझं ठरलं. तू प्रेस सोडणार. मी रुपया तुझ्यापुढे नाचवला, पण तू तो हातातही घेतला नाहीस. "आधी फिरून येऊ, मग बघू," म्हणालीस.

रविवारी आपण आरे कॉलनीत गेलो. बस झाडांमधून चालली आहे, हिरवा उजेड तुझ्या पदरावरून सरकतोय, रुपया माझ्या मुठीत घामेजलाय. "सोडशील ना गं काम?" मी विचारते. "सोडीन तर!" तू हसतेस. "शिवणाची मशीन घेऊ. आणि दुपारी दार लावून मस्त ताणून देईन, बघ." बाटलीतलं थंड दूध पिताना तू त्या दुपारच्या झोपेबद्दल इतकं बोललीस, की मला तो पंखा, ती चटई, साडीबाहेर आलेली तुझी पावलं, सगळं दिसायला लागलं. इतक्या सुखात मी तुला कधीच पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात, बल्बखाली, तू रुपया हातात घेतलास. अंगठा फिरवलास, तिरपा धरलास, आणि फडताळातून कारखान्यातला एक नापास बिल्ला काढून शेजारी ठेवलास. जपून बोलायचं असलं की तू मालवणीत शिरायचीस. "बाय, ह्यो खरो नाय गो. साचो दोनदा कोरलेलो असतो तर दोनय आकडे सारखे फुगीर इले असते. हंय बघ, दुसरो सपाट, पायरीसारखो. ठोको पडताना साचो हललो, आकडो घासलो. आमच्याकडे रोज होता असा."

बिल्ल्याच्या अक्षरांनाही तशीच चपटी पायरी होती. ती मला दिसली. तरी मी ओरडले, "तुला काय कळतंय त्यातलं? तू नुसती प्रेसवर बसतेस!" तू बिल्ला जागेवर ठेवलास आणि भात उतरवलास.

सोमवारी सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. त्यांनी तेच सांगितलं, सपाट पायरीसुद्धा. मग मी रडवेली होऊन, आईनं हे कालच ओळखलं होतं, म्हटलं. सर चकित झाले. "मला भिंग लागतं, आणि त्यांनी नुसत्या डोळ्यांनी? जाणकार बाई आहेत. माझा नमस्कार सांग त्यांना."

घरी येऊन मी सांगितलं, रुपया वाटेतच हरवला, सरांना दाखवलाच नाही. त्यानंतर किती दिवस तू विचारायचीस, "गावलो काय गो?" मला वाटायचं, चिडवते आहेस. आता वाटतं, आपलीच पारख चुकलेली निघावी अशी तुझी इच्छा होती. त्या झोपेसाठी. पुढे कारखाना बंद पडेपर्यंत तू त्याच प्रेसवर बसलीस.

या पत्राला पत्ता नाही. घडी करून रुपयाखाली ठेवते आहे. तो हरवला नव्हता, आई. आणि सरांनी तुला नमस्कार सांगितला होता.