सोन्याचं लाल पाणी

८ जुलै २००८
आज एकदाचं सोनं जमलं. सोन्याचे नॅनो कण, पाण्यात. पाणी डाळिंबाच्या रसाइतकं लाल. त्यात डोपामिन पडलं की कण एकमेकांना चिकटतात, पाणी निळं होतं. पीएच.डी.ची दोन वर्षं एवढ्यासाठी.
बाटली घरी नेऊन अण्णांना दाखवली. माझे वडील, जन्मभर सोनारकाम केलेला माणूस. उजेडाकडे धरली. हात थरथरत होताच. म्हणाले, "हे सोनं? कुणी गंडवलं तुला?" माझ्या गाइडपेक्षा हे परीक्षक अवघड.

१४ जुलै
अण्णांच्या कंपवाताच्या गोळीचं शरीरात डोपामिन होतं, बरंच लघवीतून बाहेर जातं. म्हणजे त्यांचा नमुना निळा व्हायलाच हवा. मागायला लाज वाटली, तरी मागितला. "आता हेच राह्यल्तं," म्हणाले. पण द्यायला तयार.
दोन दिवस मोसंबी बंद सांगितली, क जीवनसत्त्वाने रंग फसतो. त्यावर मात्र खरंच चिडले. "जालन्यात राहून मोसंबी न्हाई?"

१७ जुलै
लोडशेडिंग. रंग मोजायचं मशीन बंद, डोळ्यांवरच काम.
माझा नमुना लाल. बरोबर.
अण्णांचा, लाल. मी थांबले, हलवला, पुन्हा थांबले. लालच. त्यातच शुद्ध डोपामिनचा थेंब टाकला, लगेच निळा.
सर म्हणाले, काहीतरी चुकलं असेल, परत करा. चुकलेलंच असू दे. स्वतःचं काम चुकावं असं पहिल्यांदाच वाटलं.

१८ जुलै
सकाळी चहाबरोबर गोळी दिली. "ठेव तिथं, घेतो मी. तू जा, उशीर होऊन राह्यला तुला." रोज हेच म्हणतात, आणि मी रोज जाते. गोळीने मळमळतं, घास उतरत नाही, असं मागे एकदा म्हणाले होते. मी घाईत होते, होईल सवय म्हणून...
हल्ली त्यांच्या शर्टाची बटणं मी लावते.

२० जुलै, रविवार
अण्णांनीच विषय काढला. "माझ्यानं पाणी निळं झालं का मंग?"
"नाही."
"व्हायला पाह्यजे होतं?"
"हो."
स्वतःच्या हाताकडे बघत बसले. गोळी खरंच घेता ना, हे अगदी ओठांवर आलं होतं. मग तेच म्हणाले, "परवा परत देतो. बाटली आणून ठेव."
आणून ठेवली आहे. आज त्यांनी मोसंबी मागितली नाही.