काचेच्या रबरातलं ‘हूं’

ईट, ता. भूम

तीर्थरूप कल्याणप्पा मामा यांना,

भाचा सोमेशचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? उमरग्याच्या थंडीत तो फार दुखतो, असं मामी फोनवर म्हणाल्या. (तुम्ही मुळीच दुखत नाही म्हणालात, म्हणून मामींचं धरून चालतो.) इकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे, पण तुमच्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे आमच्या अव्वानं, गाठोडं बांधून ठेवलंय, म्हणून फोन सोडून पत्र लिहितोय. फोन केला की ती शेजारीच येऊन बसते.

अप्पांची पांढरी गाडी तुम्हाला ठाऊकच आहे. ते गेल्यापासून ती मी चालवतो. रोज सकाळी अप्पा पुढच्या काचेवर ओल्या विभूतीची तीन बोटं ओढायचे आणि वर तांब्याभर पाणी घालायचे. ते भस्म ओघळून काचेच्या रबराखाली जाऊन बसलं, ओल धरून राहिलं आणि आतला पत्रा कुजला. आमच्या भूम तालुक्यात पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो, तरी गाडीला हा एवढा गंज! त्या गंजानं पत्र्याला भोक पडलं, आणि गाडीनं वेग घेतला की भोकात वारा घुसून आवाज यायला लागला. “हूं.”

मामा, हुबेहूब अप्पा. जन्मभर अव्वा बोलायची आणि ते पेपरामागून ‘हूं’ करायचे, आठवतं ना? पहिल्यांदा आवाज आला तेव्हा अव्वा मागच्या सीटवर बसून तुरीबद्दल काहीतरी सांगत होती. माझा पाय ब्रेकवर गेला. ती मात्र जराही दचकली नाही. पदर सारखा केला आणि पुढचं सांगायला लागली. तेव्हापासून घरातले सगळे निर्णय गाडीत व्हायला लागले. म्हैस विकायची का? हूं. निकिताला माहेरी पाठवायचं का? हूं. (या एका बाबतीत माझी बायकोही सासऱ्यांचा शब्द मोडत नाही.)

इथवर मी हसण्यावारी नेलं. पण परवा भूमच्या बाजारातून येताना रस्त्याकडेच्या लिंबाखाली गाडी उभी केली होती. इंजिन बंद. झाडाचं पान हलत नव्हतं. अव्वा हळूच म्हणाली, “आवं, मला करमंना झालंय. यिऊ का म्या आता तुमच्याकडं?”

आणि हूं आलं.

मी आरशात पाहिलं. अव्वा एका कडेला सरकून बसली होती, शेजारी जागा ठेवून, आणि ती जागा दबलेली दिसत होती. घरी येऊन तिनं रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. नवं लुगडं आणि विभूतीची वडी गाठोड्यात बांधली. मला भीती वाटली, मामा.

म्हणून मी गाडीवर उपचार सुरू केले. मोबाइलवर बघून रबर सोडवलं, काच उतरवली आणि आतल्या खोलीत पलंगावर आडवी ठेवून वर चादर घातली. (शेजारच्या दगडाबाई दारातूनच बघून, कोण आजारी आहे विचारत पेज घेऊन आल्या.) मग तारेच्या ब्रशानं गंज खरवडला. गंजाबरोबर भस्म सुटायला लागलं आणि अप्पा नुकतेच पूजेवरून उठल्यासारखा वास अंगणभर पसरला. भोकावर बोट ठेवलं, तर आतून गरम वारा लागला. थांबून थांबून, कुणी श्वास सोडावा तसा. गाडी सकाळपासून गार होती, मामा. मी बोट ओढून घेतलं आणि घाईघाईनं पत्र्याचा तुकडा, लाल प्रायमर, लांबी (पत्र्यातली भोकं बुजवायचा तो लगदा), रंग असं एकावर एक चढवलं. नवं रबर बसवलं. आता गाडी मुकी आहे. अव्वाही मुकी झालीय, आणि गाठोडं आहे तिथंच आहे.

मामींना नमस्कार सांगा आणि गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
सोमेश

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. तुमच्याकडं कन्नडमध्ये ‘हूं’ म्हणजे ‘हो’. आमच्या ईटला ‘हूं’ म्हणजे नुसतं ‘ऐकतोय, पुढं सांग’. अप्पा पक्के ईटचे, म्हणजे त्यांनी ‘ये’ असं म्हटलेलंच नाही! अव्वा उमरग्याची, तिनं जन्मभर त्यांचं ऐकणं होकार धरून म्हशी विकल्या. तुम्ही मोठे भाऊ, दोन्ही भाषा जाणता. दुखत्या गुडघ्यानिशी का होईना, या आणि तिला एवढं समजावून सांगा. माझं ती ऐकायची नाही.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवण्याआधी धीर करून मीच सांगितलं, गाडीत. अव्वानं बाहेर बघत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “लगीन झालं त्याच वर्साला कळलं हुतं मला त्ये. व्हय म्हणणारे लई हैत. ऐकणारं माणूस येकच हुतं, त्येबी तू लांबी भरून बुजवलंस.” थोड्या वेळानं ती आपणहून तुमच्या लहानपणीचं काहीतरी सांगायला लागली, विहिरीत पडलेल्या तुमच्या टोपीचं. मी हूं हूं करत ऐकत होतो. (आमच्याकडचं.) गाव जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, “सोडू का मग गाठोडं?”

“हूं,” मी म्हणालो. तुमच्याकडचं.