हाउएव्हरच्या पुढचं वाक्य

प्रिय नंदिनी,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं, फार मनावर घेऊ नकोस. आणि एवढ्या शुद्ध मराठीत पत्र कशाला, असंही विचारू नकोस. मी चिडले की माझं मले-तुले गळून पडतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

पीएचडीसाठी माझ्याकडे इंग्रजी शिकायला आलीस तेव्हा तुझं दर दुसरं वाक्य 'अँड'नं सुरू व्हायचं. हुडकेश्वरच्या आमच्या स्वयंपाकघरात बसवून मी तुला एकेक जोडशब्द शिकवला. मुद्दा उलटवायचा तर हाउएव्हर, पुढे रेटायचा तर मोअरओव्हर, निष्कर्ष काढायचा तर देअरफोर. आईनं पोहे वाढले की तू ताटली पुढे करून मोअरओव्हर म्हणायचीस. आई हसायची आणि म्हणजे काय वं, असं विचारायची. तिला दुसरी लेक मिळाली, असं मला वाटायचं. कसली भोळी मी!

माझी तपासायची पद्धत तुला पाठ होती. पहिल्या फेरीत मी मजकूर वाचत नाही, फक्त वाक्यांचे सांधे बघते. मजकूर दुसऱ्या फेरीत, सवडीनं. बायकांच्या शिक्षणावरच्या तुझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण तू सादर करायच्या आदल्या दिवशी पाठवलंस आणि म्हणालीस, तू सांधेच बघ, बाकी सरांनी पाहिलंय. मी बघितले. एका जागी तुझा 'बट' काढून हाउएव्हर घातला आणि पुढचं न वाचता खाली सरकले.

ते पुढचं वाक्य मी परवा वाचलं. हुडकेश्वरची एक गृहिणी गुपचूप दहावीला बसली, इंग्रजीत दोनदा नापास झाली. हाउएव्हर, इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्या स्वतःच्या मुलीला तिनं हे कळू दिलं नाही. नाव बदललंस म्हणे! त्यापेक्षा सिंधूताई असं ढळढळीत लिहायचं होतंस.

मामीला बरं नाही, कन्हानला जाते, असं सांगून आई निघायची, तेव्हा मी तिला डबा भरून द्यायचे. प्रत्यक्षात ती जायची परीक्षेला. मला सांगितलं तर माझे वर्ग बुडतील आणि पुन्हा नापास झाली तर माझी मान खाली जाईल, अशी तिची भीती. तुझ्या प्रकरणात सगळं आलंय. 'भूमिकाले सांगू नको' हेसुद्धा! तेही इंग्रजीत, अवतरणचिन्हांत. पोळ्या लाटता लाटता विश्वासानं सांगितलेलं तू पुरावा म्हणून लावलंस आणि सांधा माझ्याच हातून बसवून घेतलास. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. काहून केलं वं असं, नंदे? मले रडू येऊन राहिलं लिहिताना.

काल फोनवर विचारलं तर म्हणालीस, परीक्षकांना तोच भाग आवडला, मौखिक परीक्षेत तो पडद्यावर दाखवावाच लागेल. वर म्हणालीस, काकूंना कुठे इंग्रजी कळतं! शनिवारी त्या परीक्षेला आई येणार आहे. गांधीबागेतून मोतिया रंगाची साडी आणलीय. माझी दुसरी पोरगी डॉक्टर होऊन राहिली, असं शेजारीपाजारी सांगत फिरते. मी तिला यातलं काही बोलले नाही, बोलणारही नाही. पण आज सकाळी तिनं तुझं इंग्रजी निमंत्रण उचललं आणि ओळीवर बोट ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग मान वर करून मला त्याचा अर्थही सांगितला, बरोबर. ती अजून शिकतेय, नंदिनी. शनिवारी ती पहिल्या रांगेत बसेल आणि तू पडद्यावर जे जे दाखवशील ते सगळं वाचेल. तेवढं एक पान काढ. काढायचं नसेल तर त्याआधी घरी ये आणि तू काय केलंस, ते तिला मराठीत सांग. हे सांगायलाच लिहिलं.

'तुझीच' लिहायला हात धजत नाही.

सिंधूताईची मुलगी,
भूमिका