द्वारकेचे पान

॥ श्री ॥
चौक, ता. ५ सप्टेंबर १९४६

ती. दादांस,
सरूचा शि. सा. नमस्कार वि. वि. आम्ही सर्व खुशाल. वहिनींच्या अळूवड्या पोचल्या. आणणाऱ्याने वाटेत किती खाल्ल्या ते देव जाणे.

परवा येथे लढाईवरून परतलेल्या शिपायांचा सत्कार झाला. हार, नारळ, लांबलचक भाषणे. सगळ्यांची नावे झाली, आपल्या अक्काचे कोणी घेतले नाही. घेणार तरी कसे? आपणच कुठे घेतो?

सभा सुटल्यावर भिवाजी नावाचा शिपाई माझ्यापाशी आला. शेजारच्या वाडीतल्या सोनाबाईचा मुलगा. म्हणाला, तुमचा चेहरा आमच्या शिष्टरबाईंसारखा आहे. दादा, तो अक्काच्याच इस्पितळात होता. मणिपूरला तंबूंवर बाँब पडू लागले तेव्हा अक्का सुखरूप बाहेर पडली होती. ज्यांना चालता येत नव्हते त्यांच्यासाठी ती पुन्हा आत गेली. ती गेल्याचे कळवणाऱ्या सरकारी कागदात हे कुठे होते?

दोन वर्षे आपण तिचे पान सर्वपित्री अमावास्येला वाढतो, ज्यांची तिथीच ठाऊक नाही अशांच्या पंगतीत. लढाईत शस्त्राने गेलेल्यांसाठी अमावास्येच्या आदला दिवस असतो, घातचतुर्दशी. यंदा तिचे श्राद्ध त्या दिवशी करा. ती रोग्यांची सेवा करायला गेली तेव्हाच सासरच्यांनी तिचे नाव टाकले. तुम्ही टाकू नका, एवढेच मागते.

मुलांना पापा. तुमचा लोभ आहेच, तो या खेपेस जरा धीटही असावा.
आपली,
सरू

॥ श्री ॥
दहिवली, ता. १० सप्टेंबर १९४६

चि. सौ. सरोजिनीस,
दादाचे अ. उ. आ. तुझे पत्र म्हणजे वकिलाची नोटीसच. वाचून दिवसभर शाळेत मुलांवर उगाच ओरडलो. द्वारका पुन्हा आत गेली हे वाचल्यावर मात्र कागद घडी करून ठेवला.

विष्णुभटजींकडे जाऊन आलो. ते म्हणतात, चतुर्दशी हाती शस्त्र घेतलेल्या पुरुषांची. बाईमाणसाला नवमी, तीही सवाष्ण गेलेलीला. आपली द्वारका तर न कळत्या वयात विधवा झालेली, तेव्हा अमावास्याच बरी. मी थोडा हट्ट धरला. तेव्हा म्हणाले की मंत्र सांगेन, पण पानावर बसणार नाही, आणि दुसराही कोणी ब्राह्मण बसेल असे वाटत नाही. तिने अठरापगड जातींचे रक्त धुतले, आणि त्यांना गावात राहायचे आहे.

मलाही गावातच राहायचे आहे, सरू. मुलींची लग्ने व्हायची आहेत. आणि ज्या पानावर कोणी जेवायलाच बसत नाही ते श्राद्ध कसले? तुझी वहिनी दोन दिवस माझ्याशी भिंतीकडे बघून बोलते आहे. तू तरी रागावू नकोस. प्रकृतीस जपावे.
तुझा,
दादा

॥ श्री ॥
चौक, ता. १५ सप्टेंबर १९४६

ती. दादांस,
सा. न. वि. वि. रागावले नाही. वहिनींना मात्र माझा नमस्कार सांगा आणि भिंतीकडेच बघत राहा म्हणावे.

अक्काने पट्टी बांधण्याआधी जात विचारली असती, तर भिवाजी आज सोनाबाईच्या घरी नसता. भटजींना मंत्र सांगू द्या. पानावर कोणी बसले नाही तर गाईला घाला, पण पान मांडा. ते चतुर्दशीलाच मांडलेले मला हवे आहे.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, म्हणून मला येववत नाही. त्या दिवशी भिवाजी येईल. सोनाबाई घरचे तांदूळ पाठवते आहे, त्याचाच भात करावा असा तिचा आग्रह आहे. एरवी मी काही मागितले तर नाही म्हणा, चालेल.
आपली,
सरू

॥ श्री ॥
दहिवली, ता. २४ सप्टेंबर १९४६
घातचतुर्दशी

चि. सौ. सरूस,
अनेक आशीर्वाद. आज द्वारकेचे श्राद्ध केले. भटजींनी मंत्र स्वच्छ सांगितले, कुठे घाई केली नाही. सोनाबाईच्या तांदळाचा भात, वडे, खीर, सगळे तुझ्या वहिनीने सोवळ्यात रांधले. पान वाढले, उदबत्ती लावली आणि पाट रिकामा राहिला. भटजी खाली बघत होते. गाईला घालायचे म्हणून मी पान उचलायला वाकलो, पण माझ्याने उचलवेना.

भिवाजी ओसरीवर खांबाला टेकून उभा होता. मी त्याला आत बोलावले आणि पाटावर बसायला सांगितले. त्याला वाटले मी चुकून बोललो. पुन्हा सांगितले तेव्हा पाय धुऊन आला आणि अंग चोरून बसला. त्याचा उजवा हात कोपरापासून नाही हे तू लिहिले नव्हतेस. डावा हात पानाशी नेऊन तो थांबला, भटजींकडे बघू लागला. श्राद्धाच्या पानावर डाव्या हाताने कोण जेवते? मग माझ्याकडे वळून म्हणाला,

“मला ह्या हातानं जेवाया शिष्टरबाईंनीच शिकवलं. पयला घास त्यांनी हात धरून भरवला.”

सरू, मला रडू आवरले नाही. तुझी वहिनीही रडली. भटजी उठले, त्यांनी वहिनीच्या हातून पळी घेतली आणि त्याच्या पानात आपण होऊन खीर वाढली.

जेवण झाल्यावर पानावर बसलेल्याला घरच्यांनी नमस्कार करायचा असतो. मी पुढे झालो तसा तो गडबडून उठू लागला. मी त्याला म्हटले, बस बाबा, हा नमस्कार तुला नाही, माझ्या बहिणीला आहे. मग तो हलला नाही. आम्ही सगळ्यांनी एकेक करून केला. सगळ्यांत शेवटी भटजींनी केला.

तुझा,
दादा