पंचवीस कोऱ्या ओळी

रविवार, दि. ९, सकाळ

चि. छबूस,

वहिनीचा आशीर्वाद. तुझ्या दादांचा गुडघा दुखतो, कुरकुर मात्र गुडघ्यापेक्षा मोठी. मी बरी आहे. कागद पाठकोरा आहे, हसू नकोस. वसतिगृहात पाणी वेळेवर येतं का, उशी बरी मिळाली का, ते कळव. आधीच्या दोन पत्रांना उत्तर नाही, तेव्हा हेही उघडशील की नाही देव जाणे.

शुक्रवारी मी त्या मानसतज्ज्ञ बाईंकडे गेले होते. दादांना भाजी आणायला जाते म्हणून सांगितलं. डोकं भणभणून परत आले.

मी सरळच विचारलं, आमच्या छबूला तुम्ही कशावरून आजारी ठरवलंत? बाईंनी समजावलं. म्हणे एका गोष्टीवरून कधी ठरवत नाहीत. चार माणसं सहसा करत नाहीत असं ते वागणं आहे का, त्या माणसाला स्वतःला त्याचा जाच होतो का, घरात-कामात अडतं का, कुणाला धोका आहे का, आणि हे किती दिवस, किती वेळा चालतं. मी म्हटलं, मग ऑपरेशन थिएटरातल्या नर्सने रक्त टिपायच्या गॉझचे तुकडे मोजायचे नाहीत तर काय करायचं? टाके घालण्याआधी मोठ्याने दोनदा मोजायचे, हा तिथलाच नियम. त्या दिवशी तू 'एक कमी आहे' म्हणून सर्जनना थांबवलंस, सगळ्यांनी अर्धा तास शोधलं, आणि तुकडा निघाला सर्जनच्याच बुटाच्या तळाला. तक्रारही त्यांनीच केली. चोराच्या उलट्या बोंबा. आणि मेट्रननी तपासायला कुणाला पाठवलं, तर तुला.

बाई म्हणाल्या, थिएटरातलं मोजणं शहाणपणाचंच, त्यावर मी बोटही ठेवलं नाही. मी पाहिलं ते घरचं. जेवणं झाली की अठरा चमचे मोठ्याने दोनदा मोजायचे, जुळेपर्यंत कुणाला उठू द्यायचं नाही, आणि हे रोज.

'रोज' म्हटल्यावर मी विषय बदलला. म्हटलं, मीही रोज एकशे आठ मणी मोजते, चुकले तर पुन्हा पहिल्यापासून. माझं नाव का नाही लिहिलंत?

बाई हसल्या नाहीत. "तुमच्या आजूबाजूला ते सगळ्यांना ठाऊक आहे, चालतं. पण मणी चुकले म्हणून तुम्हाला दिवसभर उठताच आलं नाही, तर तुमचंही लिहीन."

म्हणजे मोजणं तेच. चार लोकांत चाललं तर भक्ती, नाही चाललं तर आजार. असा संताप आला मला, छबू. पण खरं सांगू, संताप त्यांचा नव्हता.

आता लिहायचं ते लिहिते.

तुझ्या वागण्याची नोंद ठेवायला बाईंनी मला पंधरा ओळींचा छापील तक्ता दिला होता. तारखेचा रकाना नव्हता. एका दिवसाला एक ओळ, हे त्यांच्या मनात. माझी सवय तुला ठाऊक आहे, खर्च झाला तरच ओळ लिहायची, बिनखर्चाच्या दिवशी ओळ वाया घालवायची नाही. तू मोजलंस त्या दिवशी मी लिहिलं, नाही मोजलंस त्या दिवशी तक्ता उघडलाच नाही. बाई मध्ये रजेवर होत्या, म्हणून तपासणी लांबली आणि पंधरा ओळी भरायला चाळीस दिवस मिळाले. बाईंनी वाचलं, पंधरापैकी पंधरा दिवस.

हे मला तेव्हाच, त्यांच्या टेबलापाशी कळलं होतं. तू माझ्या शेजारच्या खुर्चीत होतीस. "रोजच का?" असं त्यांनी विचारलं आणि तू माझ्याकडे पाहिलंस. मी पदराशी चाळा करत बसले.

तुझं मोजणं सुरू झालं की माझी माळ चुकायची. देवाजवळ मी शांतता मागत होते. मनात आलं, ही चार दिवस कुठे गेली तर बरं. मागितलं तसं मिळालं. तुला थिएटरातून काढून चादरींच्या कोठीत बसवलं, आणि तू पेटी उचलून गेलीस. आता घर शांत आहे, माळ तरीही चुकतेच.

शुक्रवारी मी आपल्या घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून नेलं आणि बाईंपुढे ठेवलं. तू मोजायचीस त्या तारखेला मी टिंब दिलं होतं. शेजारी तुझ्या ड्यूटीचा कागद ठेवला. पंधराही टिंबं मोठ्या शस्त्रक्रियेच्या दिवसांवर. एरवी तू एक चमचा मोजला नाहीस. बाईंनी एकेक टिंब त्या कागदाशी ताडून पाहिलं. तारखा न विचारण्यात माझीही चूक झाली, म्हणाल्या. मग विचारलं, "तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" मी तुला वर लिहिलं तेच त्यांना सांगितलं.

त्या मेट्रनना लिहिणार आहेत. पण तुला पुन्हा भेटल्याशिवाय नाही, आणि निकालाची खात्री आत्ताच देत नाहीत. त्या दिवसांत तुझ्या जिवाला काय होत होतं, ते त्यांना तुझ्याकडून ऐकायचंय. वीस वर्षं एका घरात राहून मी ते कधी विचारलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता. मी बाईंच्या दाराशी उभी असेन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये.

चमचे रोज मीच मोजते, मनातल्या मनात. अठरा भरतात. ते मोठ्याने सांगणारं माणूस घरात नाही.

पंधरा ओळी लिहून पंचवीस दिवस गिळणारी,
तुझी वहिनी