कुवेतची तार

२८ ऑगस्ट ७८, सोमवार
आमच्या बँकेचं फॉरेन डिपार्टमेंट म्हणजे मी, एक टेबल आणि कुलपातलं कोडबुक. गिरजाबाई आज पहिल्या एसटीने उमरेडहून हजर. मुलगा मनोहर कुवेतला वेल्डर. दर महिन्याला चाळीस दिनार तारेने येतात, पण मार्चपासून पत्र नाही. बाई रक्कम विचारतच नाहीत. "तार कोणत्या तारखेची हाये जी?" त्या तारखेला पोरगा धडधाकट होता, एवढं कळलं की झालं.

३० ऑगस्ट
पैसे न्यायला आल्या. "नोटा जहाजानं येतात काय जी?" म्हटलं, नोटा कुठेच जात नाहीत. तिकडची बँक आमच्या मुंबईला निरोप देते. मुंबई त्या बँकेच्या आपल्याकडच्या खात्यातून रक्कम कापून मला तार करते. तारेतला गुप्त आकडा कोडबुकाशी जुळला, की तार खरी.
"आन् मनोहर?"
तो खिडकीवर जाऊन भरत असेल, असं ठोकून दिलं. नको तिथे शहाणपणा. मुंबईमार्फत चौकशीचं पत्र टाकलं.

२५ सप्टेंबर
उत्तर आलं. मनोहरने फेब्रुवारीतच लिहून दिलंय, खात्यात शिल्लक असेपर्यंत दरमहा आपोआप पाठवा. म्हणजे तारीख बँकेची, त्याची नाहीच. आता या बाईंना कोणत्या तोंडाने...

२७ सप्टें.
सांगितलं. पाठ केलेलं सगळं विसरलो. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "दिवाळीले पाहू. मौद्याले दिलेल्या बहिणीले तो दरसाली पाच दिनार अलग धाडते. भाऊबीज काही आपोआप धाडल्या जात नाही."
अकरा वर्षं मी कोडबुक सांभाळतोय. बाईंचं कोडबुक मला आज कळलं.

२८ ऑक्टोबर, शनिवार
तार आली. आकडा जुळला. दिनार चाळीसच. पाचाची दुसरी तार नाही. शिपायाला दोनदा विचारलं, तो वैतागला.
गिरजाबाई बाकावर होत्याच. सांगितलं. फार वाईट वाटलं. त्यांनी पावतीवर अंगठा दिला, शाई केसांना पुसली.
"मावशी, मी परत लिहितो मुंबईला."
"लिहा. पण भाऊबीजेले अजून पाच दिवस हायेत ना गा. काहून घाबरून राहिले?"
सोमवारी बँक उघडी. तारा आधी माझ्या टेबलावर आणायला सांगितल्या आहेत.