जिवनबाईचा दम आन् माझी बदनामी

तांडा, पुसेगावजवळ
पोळ्याचा आदला दिवस, २००५

उत्तमसिंगभाऊंला नरसिंगचा रामराम. इकडं आमी समदे मजेत, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. तुमचा गुडघा कसा हाय?

तुमची बहीण जिवनबाई (एरवी माझी बायको, पण तकलीफ सांगायची तर तुमची बहीण) उन्हाळ्यापासून धापा टाकून राहिली. हंडा उचलला की ओठ जांभळे. शेजारीण म्हणली नजर, उतरवली. गावातला डॉक्टर म्हणला दमा, मग म्हणला टीबी. थुंकी तपासली, टीबी न्हाई. हिंगोलीतला म्हणला, मनाचा आजार, माहेरी धाडा (तुमचं नशीब, तिनंच न्हाई म्हणलं). मग ती हापशावर चक्कर येऊन पडली, तवा नांदेडला नेली. तिथल्या डॉक्टरीणबाईनं छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर काळीज दाखवलं. उजवी बाजू फुगून भोपळ्यावाणी. म्हणल्या, "फुफ्फुसाच्या नळ्यांत रक्ताचा दाब वाढलाय. लाखात एखाद्याला होतं." जिवनबाई म्हणते, "तांड्यात पहिला टीव्ही आपला न्हाई आला, पहिली बिमारी तरी आपली!"

आता माझं ऐका. गोळ्यांची चिठ्ठी हिंगोलीच्या दुकानात दिली, तर दुकानदार गालात हसून म्हणला, "काका, या वयात?" मला उमजंना. मागं आपल्या तांड्यातला वसराम उभा (माणूस कशाचा, भोंगाच). त्यानं फोडून सांगितलं, ही मर्दानगीची गोळी. मी तसाच डॉक्टरीणबाईला फोन लावला, काहून दिली म्हणून. त्या म्हणल्या, तीच गोळी फुफ्फुसाच्या नळ्या सैल करते, बिनधास्त द्या. हे मी तांड्यात कोणाकोणाला समजावू? पारावर गेलो की म्हातारे मुद्दाम खोकतात. जिवनबाईला तर इतकं हसू येऊन राहिलं की दम लागून खाली बसते.

वहिनीला नमस्कार, लेकरांला आशीर्वाद.

तुमचा बदनाम दाजी,
नरसिंग

ता. क. : गोळ्या संपत आल्या. तुमच्या वसमतला घ्या. तिथं मला कोणी वळखत न्हाई (तुमाला वळखतात, पण तुमी निभावाल).

आणखी ता. क. : वरचं समदं तिला वाचून दाखवलं. हे न्हाई. डॉक्टरीणबाईनं मला बाहेर बोलावून सांगितलं, गोळीनं दम हलका होईल, बिमारी जाणार न्हाई. संक्रांत दिसंल का, ते त्यांलाबी सांगता येईना. म्हणून गोळ्या कोणाच्या हाती धाडू नका, तुमीच घेऊन या. आन् आल्यावर रडू नका भाऊ. तिला हसवणं मला एकट्याला आता झेपत न्हाई.